चौदाव्या पानावरची शून्यं

१

"…आणि सांगितलं कुणी, तर तिनेच. स्वतःच्या तोंडाने. बहीण दारात उभी, आणि ही आत—"

एवढंच काकूंच्या कानावर पडलं. तेवढ्यात त्यांची चप्पल जिन्यावर वाजली आणि तळमजल्यावरच्या शिवणयंत्राची खडखड एकदम सुरू झाली. शिंपीणबाई कपडा बघत बसल्यासारखी बसली होती. तिच्यासमोर उभी असलेली बाई आपली पिशवी उगाचच तपासत होती.

"काकू, सकाळी सकाळी?" शिंपीणबाई म्हणाली.

"कचरा टाकायला," काकू म्हणाल्या, आणि कचरा न टाकताच वर आल्या.

आता, काकू म्हणजे काही कानात बोळे घालून राहणारी बाई नव्हती. चार मजल्यांत कुणाचं जावयाशी पटत नाही, कुणाकडचा नळ कधीपासून गळतो, कोण कुणाला बघून जिना बदलतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. लोक हसत, पण अडीअडचणीला त्यांचंच दार वाजवत. अर्धवट ऐकलेली गोष्ट पूर्ण कशी करून घ्यायची हेही त्यांना येत होतं. पण आजवर ऐकलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याची होती.

ही त्यांची होती. आणि त्यांनी ती कुणालाच सांगितलेली नव्हती. ना नवऱ्याला, ना देवाला.

२

इमारतीला माहीत होतं ते असं: अकरा वर्षांपूर्वी काकूंची धाकटी बहीण एका दुपारी त्यांना भेटायला आली होती, काकू बाजारात गेल्या होत्या, चुकामूक झाली. तिसऱ्या दिवशी बहिणीचं हृदय बंद पडलं. मागे राहिली आठ वर्षांची मुलगी. काकूंनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आता ती वसतिगृहात राहून कॉम्प्युटर शिकते आणि दर रविवारी मावशीकडे जेवायला येते. कधी कधी जेवता जेवता म्हणते, "मावशी, तू त्या दिवशी घरी असतीस तर आईशी बोलणं तरी झालं असतं." काकू तिला वाढत राहतात.

खरं असं होतं की काकू घरीच होत्या. आईच्या आजारपणात बहीण काहीतरी लागट बोलली होती, तो राग मनात होता. दारामागे चपला ठेवायच्या लाकडी स्टुलावर त्या बसून राहिल्या. बहिणीने तीन हाका मारल्या. काकूंनी श्वाससुद्धा हळू घेतला. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, आणि संपलं.

"अहो, मी झोपेत बोलते का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा शब्दकोडं सोडवत होता. "जागेपणी काही शिल्लक ठेवतेस का?"

"सरळ सांगा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही बोलत. घोरतेस. का?"

भिंतीपलीकडे नर्सबाई आणि तिचा नवरा, भाषावाला, राहत होते, आणि भिंत पातळ होती. माणूस घोरता घोरता चार शब्द बोलून जात असेल. असंच काहीतरी असणार, दुसरं काय असणार, असं त्या स्वतःला तासभर समजावत होत्या. मग उठून सरळ खाली गेल्या आणि शिंपीणबाईच्या समोरच्या बाकावर बसल्या.

"अर्धं ऐकलंय. उरलेलं तू सांगतेस की मी इथेच बसू?"

शिंपीणबाईने सुई कपड्यात खोचली. "मला कशाला मध्ये घेता, काकू. नर्सबाई गणवेशाची बाही आखूड करायला आली होती, ती म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर लिहून येतं म्हणे. तुमचं, बहिणीचं. मला वाटलं, एवढ्या दुपारी तुम्ही त्याच्याकडे बसत होतात, मन मोकळं केलं असेल."

"मी त्याला काही सांगितलेलं नाही."

"मग त्याला कसं कळलं?" शिंपीणबाई म्हणाली. तिच्या आवाजात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

३

भाषावाला हे नाव काकूंनीच ठेवलेलं. तिशीतला माणूस, नोकरी सोडून घरात बसून कॉम्प्युटरसाठी एक नवी भाषा बनवत होता. छोटीशी, पण अगदी तळातली. मशीनला जिथे फक्त आकडेच समजतात, त्याच्या एकच पायरी वरची. आपण लिहायचं शब्दांत, आणि त्याचे आकडे करून मशीनला द्यायचे, हे काम करणारा जो भाग, त्याला तो कंपायलर म्हणायचा. त्याच्या भाषेतले शब्दही साधे होते. लिहिलेल्या एखाद्या तुकड्याला नावाने बोलवायचं असलं, की लिहायचं 'हाक'.

त्याचा हट्ट एकच. कंपायलर बनवायलाही कुणाचा तरी आधीचा कंपायलर लागतो, तो त्याला नको होता. "दुसऱ्याने आत काय घालून ठेवलंय ते आपल्याला कधीच कळत नाही, काकू. मी कुणावर विश्वास ठेवणार नाही. पहिला मी हाताने करणार, आकड्यांत."

म्हणून त्याने पहिला कंपायलर कागदावर लिहिला. बावीस पानं, प्रत्येक पानावर चाळीस ओळी, ओळीत वीस आकडे. कागद बघून टाइप करताना डोळे घसरतात, एक ओळ सुटली की सगळं वाया, असं तो कुरकुरत होता तेव्हा काकू म्हणाल्या, "मग मी वाचते की. सातवीपर्यंत वर्गात मोठ्याने वाचायला मलाच उभं करायचे."

आणि त्यांनी वाचलं. अकरा दुपारी. ओळीखाली फूटपट्टी धरून, चष्मा नाकावर, न थांबता. तो त्यांच्याकडे पाठ करून बसायचा, ऐकलं की टाइप करायचा. काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाविसावं पान संपलं आणि मशीनने पहिल्यांदा त्याने लिहिलेला शब्द ओळखला, तेव्हा त्यांना नातवंड झाल्यासारखं वाटलं होतं. नर्सबाईने तेव्हा त्यांच्या गळ्यात हात टाकला होता. तीच नर्सबाई.

मंगळवारी दुपारी काकूंनी त्याचं दार वाजवलं. त्याने उघडलं, आणि त्यांचा चेहरा बघून बाजूला झाला.

"दाखव," काकू म्हणाल्या.

"काय?"

"जे बायकोला दाखवलंस ते."

४

तो हो-नाही करत खुर्चीवर बसला. त्याने दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, त्यात एक हाक, आणि ज्याला हाक मारली ते नाव कुठेच लिहिलेलं नाही. "नवीन माणूस ही चूक हमखास करतो," तो म्हणाला. "अशा वेळी कंपायलरने म्हणायचंय, 'असं कुणी नाही.' मी तेच लिहिलंय."

त्याने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली.

तीन हाका मारल्या. ताई आत होती. दार उघडलं नाही.

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. काकूंनी ओळ दोनदा वाचली. त्यांना ताई म्हणणारं एकच माणूस होतं.

"कधीपासून?"

"दहा दिवस झाले."

"दहा दिवस. आणि रोज जिन्यात मला 'काय काकू, बरं ना' म्हणतोस."

"तुम्हाला कसं सांगायचं तेच कळेना. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलंय." त्याने कंपायलरचा सगळा मजकूर उघडून दाखवला, वरपासून खालपर्यंत. 'असं कुणी नाही' स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसरं वाक्य कुठेच नव्हतं. 'ताई' हा शब्द शोधला, नाही. 'दार', नाही.

"मग बोलतंय कोण?"

त्याने डोकं खाजवलं. "दह्याचं बघा. आजचं दूध चांगलं असलं तरी विरजण कालच्याच दह्याचं. नवा कंपायलर मी लिहितो, पण त्याचे आकडे करतो आधीचा कंपायलर. त्याच्यात काही शिरलं असेल तर ते पुढच्यात उतरतं, लिहिलेल्या मजकुरात दिसत नाही. त्याच्या पुढच्यातही उतरतं. आत्तापर्यंत नऊ झाले. मी मागे मागे जात सगळे तपासले, काकू. सगळे हेच बोलतात."

"अगदी पहिला?"

"पहिला पण."

पहिला म्हणजे काकूंनी वाचलेला.

त्या काही बोलणार इतक्यात तो पुढे म्हणाला, आणि खाली बघत म्हणाला, "आणखी एक. तुमच्या भाचीला मी तो दिलाय. तीन आठवडे झाले. तिने मागितला होता, शिकायला."

"तिने ही चूक केली असेल?"

"अजून काही बोलली नाही माझ्याशी. पण आज ना उद्या करणारच. सगळे करतात."

"रविवारच्या आत मला हे पुसून हवंय. तिच्या मशीनवर नवा घालायचा, हे वाक्य नसलेला. कसा करायचा ते तू बघ."

५

बुधवारी दोघं कागद आणि फाइल समोरासमोर घेऊन बसले. त्याने फाइलमधले आकडे छापून आणले होते. काकू एका हाताची पट्टी कागदावर, दुसऱ्या हाताचं बोट छापील पानावर, ओळीमागून ओळ. तेरा पानं जुळली.

चौदाव्या पानावर, विसाव्या ओळीपासून, कागदावर नुसती शून्यं होती. सतरा ओळी, तीनशे चाळीस शून्यं. त्याला आठवलं: चुकीच्या हाकेला काय उत्तर द्यायचं ते तेव्हा ठरलं नव्हतं, म्हणून जागा मोकळी सोडलेली.

फाइलमध्ये त्या जागी आकडे होते. मधल्या एका ओळीत दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे सहासष्ट. दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे नव्वद. परत दोनशे चोवीस.

"आपली अक्षरं मशीनमध्ये अशीच असतात," तो हळू म्हणाला. "एका अक्षराला तीन आकडे. हा द. हा काना. पुढचा र." "हे तुम्ही वाचलंत, काकू."

"मी शून्यं वाचली. मला चांगलं आठवतंय. सतरा ओळी शून्य शून्य करून तोंड दुखलं होतं, तुझ्याकडे पाणी मागितलं."

"पाणी मागितलंत हे खरं. पण मी जे ऐकलं ते टाइप केलं. मला कागद दिसतच नव्हता."

"मला अक्षराचे आकडे माहीत नाहीत. तुला माहीत आहेत. मग घालणारा कोण?"

"तुमच्या बहिणीचं मला काय माहीत? तुम्ही तर बाजारात होतात ना?"

हे तो सहज बोलला की डिवचून, ते काकूंना कळलं नाही. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

घरी येऊन त्यांनी हिशोब जुळवला. भिंत पातळ. नवऱ्याला काय कळतंय, तो स्वतःच कुंभकर्ण. आपण झोपेत बोललो असणार, त्याने ऐकलं असणार, आणि गंमत म्हणून म्हणा, विकृती म्हणून म्हणा, घातलं असणार. मग बायकोला दाखवलं, तिने शिंपीणबाईला. आणि वर आपल्यालाच म्हणतोय, तुम्ही वाचलंत. अकरा दुपारी त्याच्यासाठी घसा कोरडा केला त्याचं हे फळ. राग आला की बरं वाटत होतं. रागात भीतीला जागा नसते.

गुरुवारी भाचीचा फोन आला. नेहमीसारखी बडबड, परीक्षा, खोलीतली मैत्रीण. शेवटी म्हणाली, "मावशी, रविवारी जरा बोलायचंय तुझ्याशी."

"कशाबद्दल गं?"

"आल्यावर बोलू."

काकूंनी फोन ठेवला.

६

शनिवारी दुपारी तीन वाजता त्या परत त्याच्याकडे गेल्या. नर्सबाई ड्यूटीवर होती. दुसरा मार्ग नव्हता. मागचे नऊच्या नऊ बाद करून कागदावरून पहिला कंपायलर पुन्हा करायचा होता. एकवीस पानं फाइलशी तंतोतंत जुळली होती. ती तशीच घ्यायची, फक्त चौदावं नव्याने.

"तूच वाच आणि तूच लिही," काकू म्हणाल्या.

"तसंच केलं काल. तीनदा. तीनही वेळा मधली ओळ चुकली, मशीन सुरूच होईना. मला जमत नाही, काकू. तुम्ही वाचलंत की जमतं."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. खोटं बोलणारा माणूस दिसतो तसा तो दिसत नव्हता, पण काकूंना आता दिसण्यावर भरवसा नव्हता.

"एक कबूल कर. कागदावर नसलेलं माझ्या तोंडून आलं, तर तू थांबायचं. तिथल्या तिथे."

"कबूल. पण कागदावर काय आहे ते मला दिसणार नाही."

"विसाव्या ओळीपासून शून्य सोडून काही ऐकू आलं, तर थांबायचं. एवढं तर कळेल?"

"कळेल. थांबतो."

"शपथ?"

"शपथ, काकू."

त्यांनी आपली खुर्ची तिरकी ओढली, म्हणजे कागदावरून नजर उचलली तर पडदा दिसेल. तो पाठमोरा बसला. काकूंनी फूटपट्टी धरली आणि वाचायला लागल्या.

पहिल्या एकोणीस ओळी छान गेल्या. आवाजाला जुनी लय सापडली. त्यांचा आकडा, त्याच्या बोटांची टकटक, त्यांचा आकडा, टकटक. विसावी ओळ आली.

"शून्य. शून्य. शून्य. शून्य."

त्याची टकटक आता एकसारखी झाली. शून्याचं एक बटण, मोकळ्या जागेचं एक. टक-टक, टक-टक, घड्याळासारखी. काकूंनी डोळे फाडून ओळीवर ठेवले. गोल गोल गोल, कागदावर दुसरं काही नाही. विसावी संपली. एकविसावी. बावीस. शून्य, शून्य. मनात म्हणाल्या, बघ, झालं की नाही नीट. म्हणजे तोच होता.

मग त्यांच्या लक्षात आलं की टकटक एकसारखी नाही.

तीन टक आणि एक, तीन टक आणि एक. बोटं बटणांवर इकडून तिकडे पळत होती. काकूंना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, आणि तो शून्य, शून्य म्हणत होता. तो ऐकतच त्यांनी मान उचलली.

पडद्यावर शून्यं नव्हती. दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट. दोनशे चोवीस, एकशे पासष्ट. ओळी भरत चालल्या होत्या.

"थांब," काकू म्हणाल्या.

तो थांबला नाही.

"अरे, थांब. शपथ घेतलीस ना?"

"एक मिनिट, काकू," तो म्हणाला. मान वळवली नाही. "थोडंच राहिलंय. काय आहे ते कळू दे."

ते ऐकून त्यांना जे वाटलं ते रागापेक्षा वेगळं होतं. ज्याच्यासाठी आपण दार उघडं ठेवलं तो माणूस आता आतून कडी लावतोय, असं काहीतरी. त्यांनी कागद टेबलावर पालथा घातला. फूटपट्टी खाली पडली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि ओठ मिटून घेतले.

७

त्याने पडद्यावर एका बाजूला दुसरी खिडकी उघडली होती, आकड्यांची अक्षरं करणारी. तिच्यात वाक्य हळूहळू उमटत होतं, एकेक अक्षर, जसं कुणी शिकाऊ पाटीवर काढतंय.

पहिल्या हाकेनंतर मी खाली वाकले. दाराखालच्या फटीतून

काकूंना ते दार आठवलं. जुनं, खालून झिजलेलं. पुढे दोन वर्षांनी बदललं. दुपारचं ऊन मागच्या खिडकीतून सरळ दारापर्यंत यायचं.

तुझी पावलं दिसत होती.

अकरा वर्षं त्यांनी मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती. तिला वाटलं असेल घरात कुणी नाही. हिरमुसली असेल, पण निघून गेली असेल साधेपणाने, बंद दारावरून लोक जातात तशी. म्हणजे ती पहिल्या हाकेलाच जाणून होती. दुसरी हाक तिने जाणून मारली. तिसरी तर त्या पावलांकडे बघतच मारली. आणि जिना उतरून गेली, आणि तीन दिवस कुणालाही, स्वतःच्या मुलीलाही, एक शब्द बोलली नाही.

की बोलली होती?

काकूंनी पाय खुर्चीवर ओढून घेतले.

शिंपीणबाई म्हणाली होती, तिनेच सांगितलं, स्वतःच्या तोंडाने. तोंडाचं खरं होतं. तेवढंच खरं होतं. सांगणाऱ्या काकू नव्हत्या.

वाक्य पुरं झालं होतं, पण जागा अजून उरली होती, चार-पाच ओळींची. काकू गप्प बसून त्या जागेकडे बघत राहिल्या. कागद पालथा होता. ओठ मिटलेले होते, त्यांची खात्री होती. म्हणावंसं वाटत होतं, पुरे आता, माझं चुकलं, उद्या ती पोर येणार आहे, तिला मी स्वतः सांगते, पण तू सांगू नकोस. त्यांनी काहीच म्हटलं नाही.

"जरा सावकाश, काकू," भाषावाला म्हणाला. त्याची बोटं धावत होती. "हं. दोनशे चोवीस. पुढे?"

खिडकीत नवं वाक्य सुरू झालं. पहिला शब्द भाचीचं नाव होता.